रंगीत पानांची झाडं घरी आणल्यावर हिरवी का पडतात आणि त्यावर काय करायचं

नर्सरीत लालभडक दिसलेला क्रोटन दोन महिन्यांत मळकट हिरवा होतो. कोलियसची जांभळी झाक जाते, गोल्डन ड्युरांट्याचं सोनं उतरतं. ही तक्रार दर पावसाळ्यात नव्याने येते. त्यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण खत घालतात. खताने झाड आणखी हिरवं होतं. मग कुंडी बदलली जाते, त्या धक्क्याने पानं गळतात आणि शेवटी "आमच्याकडे क्रोटन टिकतच नाही" असं ठरतं. झाड टिकायला तयार असतं. चुकतो तो प्रकाशाचा हिशोब, कारण आपण विकत घेताना एका दिवसाचं ऊन पाहतो आणि झाडाला वर्षभराचं ऊन लागतं.

पानातला लाल, जांभळा, किरमिजी रंग प्रामुख्याने अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. भरपूर प्रकाशात झाड ते जास्त तयार करतं. प्रकाश कमी झाला की ते कमी करतं आणि मिळेल तेवढा प्रकाश पकडायला हरितद्रव्य वाढवतं. म्हणजे सावलीत हिरवा पडलेला क्रोटन आजारी नसतो, त्याने जागेशी जुळवून घेतलेलं असतं. पांढऱ्या पट्ट्यांचं गणित मात्र वेगळं आहे. त्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती झाडं हळू वाढतात आणि कडक उन्हात सर्वांत आधी पांढराच भाग भाजतो. लाल पानाला ऊन हवं आणि पांढऱ्या पानाला उन्हापासून आडोसा हवा, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्म्या चुका टळतात.

आधी पान बघा

उपाय करण्याआधी झाडाजवळ पाच मिनिटं बसा आणि सर्वांत वरची तीन पानं, मधली पानं आणि सर्वांत खालची पानं वेगवेगळी बघा. बिघाड कुठल्या थरात आहे यावरून कारण कळतं.

- जुनी पानं रंगीत, नवी पानं हिरवी आणि दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, फांद्या एका बाजूला झुकलेल्या: प्रकाश कमी पडतोय.
- उन्हाच्या बाजूच्या पानांवरच तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग: ऊन भाजलंय. डाग पडलेला भाग पुन्हा बरा होत नाही, पण नवी पानं चांगली येतात.
- सगळं झाड पट्टेरी आणि एकच फांदी पूर्ण हिरवी, तीही बाकीच्यांपेक्षा जोमदार: झाड मूळ हिरव्या रूपाकडे वळलंय. खाली सविस्तर लिहिलंय.
- नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: लोह मिळत नाहीये. हेच खालच्या जुन्या पानांत दिसलं तर मॅग्नेशियम.
- पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, पान धुळीने माखल्यासारखं निस्तेज, मागे बारीक जाळं: लाल कोळी.
- पानांची टोकं आणि कडा करपलेल्या, कुंडीच्या काठावर पांढरा थर: पाण्यातले क्षार साठलेत.

क्रोटनच्या बाबतीत एक सवलत द्यायची. त्याच्या बऱ्याच जातींची नवी पानं मुळातच हिरवी-पिवळी निघतात आणि वय वाढेल तशी केशरी, लाल होत जातात. त्यामुळे नवं पान हिरवं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. पान पूर्ण आकाराचं झाल्यावर चार ते सहा आठवडे थांबा. तरीही हिरवंच राहिलं तर प्रश्न खरा आहे.

गॅलरीतलं ऊन वर्षभर जागा बदलतं

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, मुंबई एकोणीसवर. 21 डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशच वर येतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो 71 अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यावर थेट डोक्यावर येतो, म्हणूनच त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो.

आता हे दक्षिणेच्या गॅलरीला लावून बघा. वरच्या मजल्याचा स्लॅब तुमच्या फरशीपासून नऊ फुटांवर आहे आणि तो कठड्याच्या रेषेत संपतो असं धरू. डिसेंबरच्या दुपारी ऊन कठड्यापासून सुमारे आठ फूट आत येतं, म्हणजे चार फुटी गॅलरी पूर्ण उन्हात न्हाते. मार्चमध्ये तेच ऊन जेमतेम तीन फूट आत येतं, आणि कठडा विटांचा भरीव असेल तर फरशीवरच्या कुंडीपर्यंत पोचतही नाही. मे महिन्यात दुपारचं थेट ऊन आत शून्य. बाहेर रणरणतं ऊन आणि गॅलरीतला क्रोटन सावलीत, अशी स्थिती होते. त्यानंतर जूनपासून ढग. म्हणजे जानेवारीत आणलेल्या झाडाला एप्रिल ते सप्टेंबर असे सलग सहा महिने कमी प्रकाश मिळतो आणि दोष दिला जातो नर्सरीवाल्याला.

उत्तरेच्या गॅलरीचं उलटं होतं. हिवाळाभर तिथे थेट ऊन नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं, तेही महिना-दीड महिना. एवढ्या जोरावर तिथे लाल पानांची झाडं ठेवू नयेत.

पूर्वेची गॅलरी सर्वांत सोपी. सकाळचं तीन-चार तास ऊन वर्षभर थोड्याफार फरकाने मिळतं आणि ते भाजत नाही. पश्चिमेला दुपारी एकनंतरचं ऊन कडक असतं, शिवाय तापलेली भिंत आणि फरशी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे रंग छान येतो, पण कुंडी लवकर सुकते.

मोजायचं कसं? स्वच्छ ऊन असलेल्या दिवशी, सकाळी आठ ते संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला कुंडी ठेवायच्या जागेवर पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवरून हात धरा. सावलीची कड धारदार दिसली तर ऊन, हाताचा आकार कळतोय पण कड पुसट तर चांगला उजेड, नुसतं अंधुक काळवंडलं तर कमी उजेड. धारदार सावलीचे तास मोजा. हे डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करा, आणि झाड निवडताना दोन्हीपैकी कमी आकडा धरा. मोबाइलवरची प्रकाश मोजायची अ‍ॅप्स ढोबळ असतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरेशी आहेत. कडक उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स (प्रकाश मोजायचं एकक) असतात आणि खिडकीपासून सहा-सात फूट आत खोलीत काही शे. आपल्या डोळ्यांना हा फरक इतका मोठा वाटत नाही, कारण बुबुळं जुळवून घेतात. झाडाला ती सोय नाही.

ग्रिलमधल्या बागेत आणखी एक गोष्ट होते. वरच्या फळीवरच्या कुंड्या खालच्यांचं ऊन खातात. वर लोंबणारा मनीप्लांट आणि खाली क्रोटन अशी मांडणी सर्रास दिसते. ती उलटी करा.

सावलीतून उन्हात नेताना

कारण कळलं म्हणून कुंडी उचलून थेट गच्चीवर ठेवली तर दोन दिवसांत पानं भाजतात. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, कडक ऊन झेलायची त्याची तयारी नसते. पहिला आठवडा फक्त सकाळी नऊपर्यंतचं ऊन द्या, दुसरा आठवडा अकरापर्यंतचं, तिसऱ्या आठवड्यापासून कायमची जागा. मार्च ते मेमध्ये हे काम करावंच लागलं तर 50 टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली करा. सर्वांत चांगला काळ म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा, किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर.

कुंडी हलवल्यावर क्रोटन खालची काही पानं टाकतो. तेवढं गृहीत धरा. त्या काळात खत नाही, कुंडी बदलणं नाही, जास्तीचं पाणी नाही. जुनी पानं थोडी सुधारतात, पण खरा रंग नव्या जागेत फुटलेल्या पानांतच दिसतो.

झाड लांबट, उघडं पडलं असेल तर छाटा. अकॅलिफा पावसाच्या सुरुवातीला जमिनीपासून फूटभर ठेवून कापला तरी चालतो, महिन्याभरात दाट फुटतो. क्रोटन एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. त्याच्या चिकाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत आणि काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. पर्पल हार्ट चार इंचांवर कापा, कापलेले तुकडे त्याच कुंडीत खोचा, ते रुजतात. कोलियसला तुरे यायला लागले की लगेच खुडा, नाहीतर पानं लहान आणि फिकी होत जातात. सहा-आठ महिन्यांनी कोलियसचं खोड खाली लाकडासारखं होतं. अशा झाडाला वाचवत बसण्यापेक्षा चार इंचांचे शेंडे काढून पाण्यात ठेवावेत, आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. कोलियस कायम तरुण ठेवायचं झाड आहे.

गोल्डन ड्युरांट्याचा सोनेरी रंग फक्त वरच्या, उन्हातल्या नव्या पालवीवर असतो. कुंपणाची खोल छाटणी केली की आतली हिरवी पानं आणि काटक्या उघड्या पडतात. दर तीन-चार आठवड्यांनी जेमतेम दोन इंच कापा. छाटणीनंतर रंग परतायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा घरी कार्य असेल तर आदल्या आठवड्यात कात्री लावू नका.

एकच फांदी हिरवी झाली तर

चट्टेपट्टे असलेली बरीच झाडं ही एका हिरव्या झाडाच्या फांदीत झालेल्या बदलातून निवडलेली असतात. अशा झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. कधीतरी एखादा डोळा (फांदीवरची कोंब फुटायची जागा) नुसत्या हिरव्या पेशींतून फुटतो. हिरव्या पानांत अन्न जास्त तयार होतं, त्यामुळे ती फांदी झपाट्याने वाढते आणि वर्षभरात सगळ्या झाडावर चढते. पट्टेरी शेफ्लेरा, पट्टेरी जास्वंद आणि पट्टेरी बोगनवेल यांत हे नेहमी दिसतं.

हिरवी फांदी जिथून फुटली तिथपर्यंत जाऊन मुळाशी कापा. अर्धवट कापली तर उरलेल्या खुंटातून पुन्हा हिरवंच फुटतं. ऊन वाढवून किंवा खत देऊन ती फांदी पट्टेरी होत नाही. मनीप्लांटमध्ये वेल बघून अंदाज येतो: ज्या पेराजवळ दांड्यावर पांढरी-पिवळी रेघ आहे त्या डोळ्यातून सहसा पट्टेरी पान येतं. कटिंग तिथलंच घ्या.

पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर नवी रोपं पूर्ण हिरवी येतात. यात लावणाऱ्याचा दोष नाही, त्या जातीत पिवळा काठ पानाच्या तुकड्यातून पुढे जात नाही. काठ हवा असेल तर कुंडीतून झाड काढून गड्ड्यासकट वेगळं करा.

मातीचा गोळा

महाराष्ट्रात विकली जाणारी पुष्कळ शोभेची झाडं आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून येतात. तिथली हवा दमट, आणि झाडं घट्ट चिकण मातीच्या गोळ्यात बांधलेली. प्रवासासाठी ती माती उत्तम, कुंडीसाठी त्रासदायक. तो गोळा तसाच भुसभुशीत मातीत ठेवला की पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं. वरून माती ओली दिसते, खालून पाणी गळतं आणि मुळं मात्र कोरडी. पावसाळ्यात याच्या उलट: गोळा एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही आणि मुळं कुजतात. दोन्ही वेळा पानं सारखीच लोंबतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. बांबूची बारीक काडी थेट गोळ्यात खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढा, ओलीय की कोरडी ते लगेच कळेल.

झाड आणल्यावर आठ-दहा दिवस उजेडात, पण उन्हाबाहेर तसंच राहू द्या. मग कुंडी बदलायच्या दिवशी पिशवी कापून गोळा बादलीभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. बुडबुडे थांबले की बाहेरचा साधारण एक तृतीयांश थर बोटांनी हलकेच धुऊन काढा. आतला भाग फोडू नका, क्रोटनची बारीक मुळं तिथेच असतात. कुंडी गोळ्यापेक्षा दोनच इंच मोठी घ्या. मातीचं मिश्रण: दोन भाग चाळलेली लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकण किनाऱ्यावर, जिथे चार महिने पाऊस थांबत नाही, तिथे कोकोपीट निम्मं करून त्या जागी जाडसर वाळू घाला.

खत आणि पाणी

नत्र जास्त झालं की पान मोठं, मऊ आणि हिरवं होतं. म्हणून रंगीत पानांच्या कुंडीत युरिया नको, आणि दर आठवड्याला शेणखताचं पाणीही नको. वाढीच्या काळात, म्हणजे जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, 19:19:19 विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला 1 ते 2 ग्रॅम, दर तीन आठवड्यांनी पुरतं. माती आधी ओली करून मगच घाला. सावलीतल्या झाडांना याच्या निम्मं.

देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि बोअरवेलचं पाणी जड. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही, आणि ड्युरांटा, इक्झोरा, क्रोटनची नवी पानं हिरव्या शिरांची पिवळी होतात. ड्युरांट्याच्या बाबतीत तर काही जणांना हाच सोनेरी रंग वाटतो. निरोगी सोनेरी पान सगळीकडे सारखं आणि चकचकीत असतं, लोह कमी पडलेल्या पानात शिरांची जाळी उठून दिसते. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला 1 ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा. बाजारात स्वस्तात मिळणारं लोह चिलेट बहुधा ईडीटीए प्रकारचं असतं, ते चुनखडीच्या मातीत टिकत नाही, म्हणून मातीत ओतण्यापेक्षा पानांवर द्यावं. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकार मागा, महाग आहे पण लागू पडतो. हिराकस (फेरस सल्फेट) वापरणार असाल तर लिटरला 2-3 ग्रॅम आणि सोबत 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. फवारताना फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात. जुन्या पानांतल्या पिवळेपणासाठी मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घातलं जातं. भावना चांगली आहे, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. कॉर्डिलाइन, ड्रॅसिना, स्पायडर प्लांट आणि कॅलाथिया यांची टोकं त्यानेच करपतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा. आधीच थर साचला असेल तर कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या तिप्पट साधं पाणी हळूहळू ओता, म्हणजे दहा लिटरच्या कुंडीतून तीस लिटर जाऊ द्या. पावसाळ्यात कुंड्या दोन-तीन मोठ्या सरींत उघड्यावर ठेवल्या की हेच काम फुकट होतं.

कीड

लाल कोळी फेब्रुवारी ते मेच्या कोरड्या हवेत क्रोटन आणि अकॅलिफावर येतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर हलणारे ठिपके दिसले की खात्री झाली. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा. मग लिटरभर कोमट पाण्यात 1-2 मिली द्रव साबण ढवळून त्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल मिसळा आणि सूर्यास्तानंतर फवारा. सहा-सात दिवसांनी तीन वेळा, कारण अंड्यांवर एका फवाऱ्याचा भरवसा नाही. तेल फवारलेल्या झाडावर पुढचे तीन आठवडे गंधक वापरू नका, पानं करपतात. पिठ्या ढेकूण पानाच्या बगलेत कापसासारखा दिसतो. थोडाच असेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून टिपून काढा.

झाड मेलं असं वाटतं पण मेलेलं नसतं

कॅलेडियमची पानं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकेक करून लोळतात. पुष्कळ घरांत तेव्हा कुंडी रिकामी केली जाते आणि कंद कचऱ्यात जातात. तो त्याचा झोपेचा काळ असतो. पाणी बंद करा, कुंडी कोरड्या, सावलीच्या जागी सरकवा, एप्रिलअखेरीस वरची दोन इंच माती बदलून पाणी सुरू करा. पहिल्या पावसाच्या आसपास पुन्हा पानं येतात.

कमी उजेडाच्या जागी रंगाचा हट्ट सोडा, पोत बघा

वरचं सगळं करूनही काही जागा लाल पानांना पुरणार नाहीत. उत्तरेची गॅलरी, दोन इमारतींमधला बोळ, जिन्याचा कोपरा. तिथे दर सहा महिन्यांनी नवा क्रोटन आणण्यापेक्षा पानांचा आकार, जाडी, चमक आणि झुपक्याची ठेवण यांवर बाग उभी करावी. रंग प्रकाशाबरोबर येतो-जातो, पानाची घडण मात्र बऱ्याच अंशी कायम राहते.

एकत्र ठेवलेल्या कुंड्यांत तीन प्रकारची पानं हवीत: बारीक (नेचे, स्प्रेंजेरी, मोंडो गवत), मध्यम (सिंगोनियम, पेपेरोमिया) आणि रुंद (मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली). सोबत एक उभ्या रेषेचं झाड, स्नेक प्लांट किंवा झीझी. सावलीतल्या कोपऱ्याला उजळवायचं असेल तर रुपेरी पानांचा अग्लोनेमा ठेवा. तो लाल अग्लोनेमापेक्षा कमी उजेडात जास्त टिकतो. मात्र अग्लोनेमा, डिफेनबेकिया, कॅलेडियम, मॉन्स्टेरा, पीस लिली यांच्या पानांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

ऊन असलेल्या बागेतही पोताचा विसर पडतो, आणि तिथली तक्रार वेगळी असते: झाडं महागाची, सगळी रंगीत, तरी नजर ठरत नाही. कारण क्रोटन, कोलियस, अकॅलिफा या सगळ्यांची पानं साधारण एकाच आकाराची आणि सगळीच नक्षीदार. मोबाइलवर बागेचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सगळं एकजीव दिसलं तर पोताची उणीव आहे. निम्म्या कुंड्या साध्या हिरव्या पानांच्या ठेवा आणि नक्षीदार पानाशेजारी दुसरं नक्षीदार पान येऊ देऊ नका. लाल कॉर्डिलाइनशेजारी स्प्रेंजेरीचं बारीक हिरवं, पर्पल हार्टच्या मागे गवती चहाची लांब पाती. गवती चहा या कामाला अप्रतिम आहे, स्वस्त आहे आणि रोज लागतो.

तासांचा ढोबळ हिशोब असा धरा. वर्षातल्या कमी उन्हाच्या काळातही पाच तास थेट ऊन मिळत असेल तर लाल क्रोटन, अकॅलिफा, गोल्डन ड्युरांटा, पर्पल हार्ट, लाल अल्टरनेंथेरा. सकाळचे तीन-चार तास असतील तर कोलियस, कॉर्डिलाइन, रिओ, साँग ऑफ इंडिया, आणि क्रोटन हवाच असेल तर पिवळ्या ठिपक्यांचा, कारण तो लाल जातींपेक्षा कमी उन्हात रंग राखतो. थेट ऊन नाही पण हाताची पुसट सावली पडते अशा जागी अग्लोनेमा, सिंगोनियम, कॅलेडियम, रेक्स बिगोनिया. कॅलाथियाही तिथे चालतो, पण पुणे-नाशिक-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या कडा सुकतात. मुंबई, कोकण, गोव्यात तो अधिक सुखात राहतो.

नर्सरीत गेल्यावर

जानेवारीत सगळीच रंगीत झाडं देखणी असतात, कारण स्वच्छ ऊन आणि थंड रात्री दोन्ही मिळतात. रंगाची खरी पारख ऑगस्टमध्ये होते. दोन महिने ढगाळ हवेत राहूनही ज्या क्रोटनची वरची पानं रंगीत आहेत, तो तुमच्या गॅलरीतही रंग राखण्याची शक्यता जास्त. झाड नेटखाली वाढलंय की उघड्यावर, हे विचारा आणि स्वतःही बघा. वरची तीन पूर्ण वाढलेली पानं खालच्यांपेक्षा हिरवी असतील तर ते सावलीत बरेच दिवस पडून आहे. पान उलटून मागची बाजू तपासा, खोड हलकेच हलवून बघा, मातीत झाड डुगडुगत असेल तर ते नुकतंच लावलेलं असतं.

एका जातीचं एकच झाड आधी आणा आणि ठरवलेल्या जागी दीड-दोन महिने ठेवा. त्या काळात आलेली निदान तीन नवी पानं पूर्ण वाढल्यावर बघा. रंग आला तर आणखी चार आणा. हिरवीच राहिली तर ते झाड गच्ची असलेल्या शेजाऱ्यांना द्या आणि त्या जागी नेचा लावा.